मुक्ता बदलली तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली. तेव्हाच लिहायला बसले असते तर नको ते लिहून गेले असते, म्हणून थांबले.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ‘प्रेमाची गोष्ट’ ही मालिका तेजश्री प्रधानने सोडली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिच्या जागी स्वरदा ठिगळे मुक्ता म्हणून आली. त्या निमित्ताने, चालत्या मालिकेतली नायिका अशी बदलू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की मालिका पात्राची असते, नटाची नाही. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेत साठ वर्षं नायक बदलतोय, तिकडे कोणी गळे काढत नाही. टीआरपी आणि करार हा धंदा आहे, तो अमळनेरात बसून कळायचा नाही. नव्या मुक्ताने उत्तम काम केलं. आणि या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य : ‘चेहरा बदलला म्हणून रडणाऱ्या बायकांना घरात दुसरं काम नसावं.’

स्वरदाने चांगलं काम केलं, हे मान्य. दुसरीने घराघरांत नेलेलं पात्र अंगावर घ्यायचं, रोज तुलना सोसायची, हे सोपं नाही. तिच्याविरुद्ध मी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, लेख पुन्हा वाचा.

आता ते वाक्य. भाऊ, तुम्ही हे कोणाच्या घरात बघितलं? संध्याकाळी मालिका लागतात तेव्हा आमच्याकडची बाई टीव्हीसमोर बसलेली नसतेच. दिवसभर कापूस वेचून आलेली असते, नाहीतर दुकान, अंगणवाडी, शिलाई मशीन सांभाळून आलेली असते, आणि त्या वेळेला तिच्या भाकरी चाललेल्या असतात. आमच्या घरात टीव्ही पुढच्या खोलीत आहे आणि ओट्याशी उभं राहिलं की त्याच्याकडे पाठ होते. माझी आई गेली कित्येक वर्षं सगळ्या मालिका अशाच पाठमोऱ्या बघते, म्हणजे खरं तर ऐकते. कोण रागावलंय, कोण खोटं बोलतंय, कोणाला रडू आवरत नाही, हे तिला आवाजावरून कळतं. नवी मुक्ता आली त्या संध्याकाळी आई कळण्याची भाकरी थापत होती. मुक्ता सागरच्या मुलीशी, सईशी, काहीतरी बोलली आणि आईचा हात परातीतच थांबला. पिठाच्या हातानेच मागे वळून म्हणाली, ‘हाई कोन बोली ऱ्हायनी वं?’ म्हणजे, ही कोण बोलतेय गं? चेहरा तिने नंतर बघितला.

म्हणून तुमचं ‘चेहरा बदलला’ हे म्हणणंच अर्धवट आहे. बदलला तो आवाज, बोलताना मधे थांबण्याची पद्धत, ‘सागर’ म्हणून हाक मारण्याची लकब. ज्या सईच्या मायेपोटी मुक्ताने सागरशी लग्न केलं, त्या सईला जवळ घेण्याची तऱ्हा बदलली. पात्र म्हणून लेखकाने कागदावर लिहिलं ते एवढंसं असतं. उरलेलं नट भरतो, आणि रोजच्या मालिकेत तो ते महिनोन्‌महिने, रोज थोडं थोडं भरत असतो. दोन तासांच्या सिनेमाचा हिशेब इथे लागू पडत नाही. एवढं सगळं एका रात्रीत काढून घ्यायचं, कथेत मात्र घर तेच, नवरा तोच, मंगळसूत्र तेच, आणि समोर कोण आलंय हे त्या घरातल्या एकाही माणसाला खटकत नाही. ज्या बाईने हात कामात असताना कान तिकडे दिला, तिने हे ओळखायचंच नाही का? की ओळखून गप्प बसायचं? आणि बोलली तर ती रिकामटेकडी?

‘अमळनेरात बसून धंदा कळत नाही’ हेही मला लागलं. माझ्या वडिलांचा केबलचा धंदा होता. सेट टॉप बॉक्स यायच्या आधीचा काळ, डिश आमच्याच गच्चीवर, आणि लँडलाइनही आमच्याच घरात. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ रात्री साडेदहाला लागायची. त्यातल्या नायकाला, मिहीरला मारलं, तेव्हा फोन ठेवला की पुन्हा वाजत होता. केबल गेली म्हणून नाही, मिहीर का मेला म्हणून. वसुलीला वडिलांसोबत मी जायचे तेव्हा पावती फाडून घेताना बायका आधी हाच विषय काढायच्या. देशभर एवढा ओरडा झाला की त्याला जिवंत करावं लागलं. पुढे अमर उपाध्याय गेला, थोडे दिवस इंदर कुमार आला, मग रोनित रॉय आला, आणि रोनित रॉयला लोकांनी आपलं मानलं हे मी नाकारत नाही. २००७ मध्ये स्मृती इराणीच्या जागी गौतमी कपूर तुळशी झाली आणि २००८ मध्ये स्मृतीलाच परत आणलं. आणि जुलै २०२५ मध्ये तीच मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा तुळशी म्हणून कोण आली? स्मृती इराणी. मिहीर म्हणून? अमर उपाध्याय. रोनित रॉयने एवढी वर्षं मिहीर केला असूनही. ज्यांना धंदा कळतो त्यांनीच हे केलं, भाऊ. पात्रच सगळं असतं तर कोणालाही उभं केलं असतं.

‘तारक मेहता’चंही घ्या. तिथे टप्पू बदलला, अंजली बदलली, २०२२ मध्ये शैलेश लोढा गेल्यावर खुद्द तारक मेहता बदलला. पण २०१७ मध्ये दिशा वकानी गेली, तेव्हापासून दयाची जागा त्यांनी भरली नाही. मालिका बंद पडली नाही. जागा रिकामी ठेवता येते, हे त्यांनीच दाखवलं.

‘डॉक्टर हू’चं उदाहरण देताना तुम्ही बहुतेक विचार केला नसावा. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना, तेव्हा त्यांनी पॅट्रिक ट्राउटनला गुपचूप त्याच्या जागी उभं केलं नाही. डॉक्टर हा परग्रहावरचा माणूस आहे, त्याचं शरीरच नवं होतं, हे कथेत घातलं आणि बदल प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडवला. तेव्हापासून बहुतेक प्रत्येक डॉक्टरला निरोप मिळतो. मी लेखात दुसरं काय मागितलं होतं? निरोप द्या, कथेत कारण द्या, नाहीतर ते पात्र तिथेच थांबवा. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

टीआरपी, करार, तारखा यावर तुम्ही बरंच लिहिलंय, त्यात मला पडायचं नाही. कोण का सोडून गेलं हा माझा विषय नव्हता, आणि कलाकाराला जाण्याचा हक्क आहेच.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण खाली एका ताईंनी ‘माझ्या सासूबाईंनी तेव्हापासून मालिका सोडली’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्यांना तुम्ही ‘बरं झालं, आता तरी स्वयंपाक वेळेवर होईल’ असं उत्तर दिलंत. ते मी काढून टाकलंय. माझ्याशी वाद घालायचा तर घाला, मी उत्तर देईन. त्या ताईंच्या वाटेला परत जाऊ नका.