चॉकलेट आणि कुत्रे : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

कुत्र्यांना चॉकलेट देऊ नये, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, आपला ३० किलोंचा लॅब्रॅडोर गेली कित्येक वर्षे घरातल्यांच्या हातून मिल्क चॉकलेटचा तुकडा खात आला आहे आणि त्याला कधीही काही झालेले नाही; आपल्या आजोळची कुत्री शिळी भाकरी आणि सणासुदीचा शिरा खाऊन म्हातारी झाली; त्यामुळे 'विषबाधा' हा शब्द वापरून मी लोकांना विनाकारण घाबरवते आहे. शेवटी आपण असेही लिहिले आहे की, तालुक्याच्या गावी रात्री पशुवैद्य कुठून मिळणार, त्यापेक्षा मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय मी सांगायला हवा होता. आपल्या पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. शेवटच्या मुद्द्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि एवढे लांब उत्तर लिहायला बसण्याचे कारणही तोच मुद्दा आहे.

आपल्या कुत्र्याला काही झाले नाही, यात नवल नाही. कुत्र्याला बाधणारा चॉकलेटमधला मुख्य घटक म्हणजे कोकोच्या बियांत असलेले थिओब्रोमीन. त्याच्या जोडीला थोडे कॅफीनही असते. साध्या मिल्क चॉकलेटमध्ये दर ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असते. म्हणजे १० ग्रॅमच्या तुकड्यातून आपल्या कुत्र्याच्या पोटात २० मिलिग्रॅम जाते, आणि त्याच्या ३० किलो वजनाने भागले तर किलोमागे एक मिलिग्रॅमही भरत नाही. पशुवैद्यक शास्त्रात साधारणपणे असे मानले जाते की, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उलटी, जुलाब, अस्वस्थता अशी सौम्य लक्षणे दिसू लागतात, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम होतो आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. आपला कुत्रा या पहिल्या पायरीपासूनही फार दूर आहे. तेव्हा आपला अनुभव खराच आहे. फक्त तो ३० किलोंच्या कुत्र्याचा आणि मिल्क चॉकलेटच्या एका तुकड्याचा अनुभव आहे.

हेच गणित शेजारच्या घरी मांडून पाहू. तिथे पाच किलोंचा पॉमेरेनियन आहे आणि त्याच्या तावडीत ४० ग्रॅमचा डार्क चॉकलेटचा बार सापडला आहे. डार्क चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे ५ मिलिग्रॅम थिओब्रोमीन धरले तर एकूण २०० मिलिग्रॅम होते, म्हणजे किलोमागे ४०. माणसाच्या दृष्टीने तो एक छोटासा बार. त्या कुत्र्याच्या दृष्टीने ती हृदयाचे ठोके बिघडवू शकणारी मात्रा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र कोको पावडरची, आणि मूळ लेखावरच्या चर्चेत तिच्याबद्दल कुणीच विचारले नाही. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतच काय, लहान गावांतूनही घरच्या घरी केक करून देणाऱ्या कितीतरी जणी आहेत, आणि त्यांच्या ओट्याखालच्या कप्प्यात कोको पावडरचे पाकीट असतेच. या पावडरमधला बराचसा स्निग्धांश काढून टाकलेला असल्यामुळे थिओब्रोमीन एकवटलेले असते. दर ग्रॅमला २० मिलिग्रॅमच्या घरात, काही वेळा त्याहून अधिक. पोह्याच्या चमच्याने दोन सपाट चमचे, म्हणजे जेमतेम १२-१३ ग्रॅम पावडर, त्या पॉमेरेनियनला झटक्यांच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवते. आणि आपल्या लॅब्रॅडोरने १०० ग्रॅमचे अख्खे पाकीट फाडून चाटून पुसून खाल्ले, तर २००० मिलिग्रॅमला ३० ने भागून पाहावे : किलोमागे ६६ च्या वर. लॅब्रॅडोर अधाशी असतो, हे मी आपल्याला सांगायला नको. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन जवळपास नसतेच. त्यातल्या साखरेचा आणि चरबीचा त्रास तेवढा होऊ शकतो.

आता 'आम्ही खातो, मग त्यालाच काय होते' या आपल्या प्रश्नाकडे येते. आपल्या शरीरात थिओब्रोमीनचे निम्मे प्रमाण सात-आठ तासांत निघून जाते. कुत्र्याला त्याच कामासाठी सुमारे साडेसतरा तास लागतात. रात्री नऊ वाजता खाल्लेल्या चॉकलेटमधले थिओब्रोमीन दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता अजून निम्मे शिल्लक असते. शरीरात ते अॅडिनोसिन या शांतवणाऱ्या रसायनाची वाट अडवते, त्यामुळे हृदय आणि मेंदू यांना विसावा मिळत नाही. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम वाढते, त्यामुळे थरथर सुरू होते. लघवीतून ते बाहेर पडते खरे, पण मूत्राशयात लघवी साचून राहिली तर तिथून पुन्हा रक्तात शोषले जाऊ शकते. म्हणून दवाखान्यात अशा कुत्र्याला सलाईन लावून वारंवार लघवीला नेतात किंवा नळी घालून मूत्राशय रिकामे ठेवतात.

ही बाधा फसवी असते, कारण खाल्ल्यावर पहिले काही तास कुत्रा अगदी ठीक दिसतो. लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांत उमटतात. संध्याकाळी रिकामे वेष्टण सापडते, कुत्रा शेपूट हलवत समोर उभा असतो आणि घरातले निर्धास्त होऊन झोपतात. मध्यरात्रीनंतर तो उठून फेऱ्या मारू लागतो, पाण्याचे भांडे पुन्हा पुन्हा रिकामे करतो, एरवी घरात कधीही घाण न करणारा कुत्रा फरशीवर लघवी करतो, धापा टाकतो, एका जागी बसत नाही. छातीवर हात ठेवला तर ठोके मोजता येऊ नयेत इतके वेगाने लागतात. या टप्प्यावर दवाखाना गाठला तरी उपचार होतात, पण पोटातले चॉकलेट बाहेर काढण्याची सोपी वेळ तोवर निघून गेलेली असते. थिओब्रोमीनवर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. झटके थांबवायचे, हृदयाची गती आवरायची, सलाईन द्यायचे आणि शरीराला ते बाहेर टाकू द्यायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते. लक्षणे तीन दिवसांपर्यंत रेंगाळू शकतात.

घबराटीच्या आरोपाबाबत मी एक पुरावा आपल्याच बाजूने ठेवते. ब्रिटनमधल्या २२९ पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या २०१२ ते २०१७ या काळातल्या नोंदी लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासल्या. चॉकलेट खाल्ल्याची ३८६ प्रकरणे त्यांना सापडली, नाताळच्या दिवसांत ती इतर वेळेच्या सुमारे चौपट होती, आणि यातले एकही प्रकरण जिवावर बेतणारे मानले गेले नव्हते. चॉकलेट खाल्लेली बहुसंख्य कुत्री वाचतात, हे मी आनंदाने लिहिते. पण ही सगळी कुत्री दवाखान्यात आणलेली होती, हेही त्याच नोंदींत आहे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातली २०१४ ची घटना आहे. तिथे शिकाऱ्यांनी आमिष म्हणून सुमारे ४० किलो चॉकलेट आणि डोनट टाकले होते, आणि त्या जागी दोन माद्या व दोन पिल्ले अशी चार काळी अस्वले मरून पडलेली आढळली. तपासणीत कारण थिओब्रोमीन निघाले. मात्रा पुरेशी असेल तर अस्वलाचा आकारही उपयोगी पडत नाही.

आजोळच्या कुत्र्यांबद्दल आपण लिहिले ते वाचून बरे वाटले. पण भाकरीत, गुळात, तुपात थिओब्रोमीन नसते, त्यामुळे त्या उदाहरणाने चॉकलेटबद्दल काहीच ठरत नाही. उलट त्या शिऱ्यातल्या बेदाण्यांकडे आपले लक्ष वेधते. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. सगळ्यांची होत नाहीत, आणि कोणाची होतील ते आधी सांगता येत नाही. त्यातल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय आहे, आणि हे आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते. बेदाणे घातलेले चॉकलेट म्हणूनच दुहेरी धोक्याचे. मधुमेहींसाठी मिळणाऱ्या साखरविरहित चॉकलेटमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असेल तर धोका आणखी वेगळा : कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि पुढे यकृतही बिघडू शकते.

आता मिठाचे पाणी. कृपया हा उपाय करू नका आणि कोणाला सुचवूही नका. किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ पोटात राहिले तरी कुत्र्याला मिठाची विषबाधा होऊ शकते. पाच किलोंच्या कुत्र्यासाठी ते दोन-तीन लहान चमचे झाले. उलटी झाली नाही तर घाबरलेला माणूस आणखी एक पेला पाजतो, आणि मीठ रक्तात चढत जाते. मग थरथर आणि झटके सुरू होतात, आणि ते चॉकलेटमुळे आले की मिठामुळे, हे समोरच्या डॉक्टरांनाही पाहताक्षणी सांगता येत नाही. ज्या कुत्र्याला हलकीच बाधा होऊन तो बरा झाला असता, तो अशा उपायाने दगावू शकतो. दूध किंवा दही पाजण्यानेही थिओब्रोमीन बांधले जात नाही. कुत्रा गुंगीत असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर कोणत्याही मार्गाने उलटी करवू नये. उलटी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसे बिघडतात.

रात्री पशुवैद्य मिळत नाही, ही आपली तक्रार मात्र शंभर टक्के रास्त आहे. परळच्या बैलघोडा इस्पितळाजवळ राहणाऱ्याला जे सोपे, ते तालुक्याच्या गावी सोपे नाही. तिथले सरकारी दवाखाने प्रामुख्याने गुराढोरांसाठी चालतात. तरीही तिथले डॉक्टर हे पशुवैद्यच असतात, आणि उलटी करवण्याचे इंजेक्शन कोणते, किती द्यायचे, हे त्यांना कळते. १९६२ या निःशुल्क क्रमांकावरून पशुवैद्यकीय मदतीची चौकशी करता येते. जवळच्या मोठ्या गावातल्या डॉक्टरांचा नंबर आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावा. रात्री प्रत्यक्ष जाता आले नाही तरी फोनवर हिशेब करून ते सांगू शकतात की, घरीच लक्ष ठेवून चालेल की गाडी काढावी लागेल. चॉकलेट पोटात गोळा होऊन बराच वेळ पडून राहू शकते, त्यामुळे दोन-तीन तास उलटून गेले म्हणून प्रयत्न सोडू नये.

फोन करताना कुत्र्याचे वजन, चॉकलेटचा प्रकार, अंदाजे किती ग्रॅम गेले आणि किती वाजता, एवढे चार तपशील हाताशी असू द्यावेत. वेष्टण फेकू नये, कारण कोकोचे प्रमाण आणि झायलिटॉल आहे की नाही, हे दोन्ही त्याच्यावरच छापलेले असते. नेमके किती खाल्ले हे ठाऊक नसेल, तर पाकिटातले जेवढे सापडत नाही तेवढे सगळे त्याच्या पोटात आहे असेच धरून सांगावे.