120 मोहरा आणि एक पूल: ‘एक जुना वाचक’ यांना उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा थोडा कमी आला. तिसऱ्या खेपेला दोन ठिकाणी मुकाट्याने मान डोलवावी लागली. तेव्हा नुसतं ‘धन्यवाद’ टाकून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्ही-गेम यंत्रांच्या काळातल्या जपानी आरपीजींवर (‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याला बळकट करत न्यायच्या खेळांवर) मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. या खेळांमधल्या त्याच त्या, संथ लढाया हा त्यांचा दोष नसून गाभा आहे, असं त्यात म्हटलं होतं. तुम्हाला हे सगळं स्मरणरंजन वाटतं. दर चार पावलांवर कुठूनसा उगवणारा राक्षस म्हणजे तुमच्या शब्दांत ‘दोन तासांचा गेम वीस तास ताणायची युक्ती’, आणि ‘क्रोनो ट्रिगर’ या आरपीजीने 1995 मध्ये ती टाकून दिली यावरून खेळ करणाऱ्यांनाही ते ठाऊक होतंच. शिवाय ज्यांच्या कारागिरीचे मी गोडवे गातो त्यांना साधी गणितं जमलेली नाहीत, आणि ‘फँटसी स्टार’बद्दलचं माझं वाक्य तर धादांत चूक आहे.

त्या शेवटच्या मुद्द्याचं आधी उरकतो, कारण तिथे मी उताणा पडलोय. ‘फायनल फँटसी’ हा खेळ चाललेला बघून निन्टेंडोच्या प्रतिस्पर्धी सेगाने घाईघाईने ‘फँटसी स्टार’ काढला, असं मी बिनदिक्कत लिहून गेलो. ‘फायनल फँटसी’ फॅमिकॉमवर आला 18 डिसेंबर 1987 ला आणि ‘फँटसी स्टार’ सेगाच्या मार्क थ्री यंत्रावर आला 20 डिसेंबर 1987 ला. दोन दिवसांत नक्कल तर सोडाच, खोक्यावरचं चित्रसुद्धा छापून होत नाही. आणि नक्कल म्हणण्यासारखं त्यात होतं तरी काय? नायिका अलिसा, भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली, आणि तिच्यापुढे तीन ग्रह. रिएको कोदामांची चित्रं, आणि युजी नाकांनी प्रोग्रॅम केलेली ती भुयारं, ज्यांत वळताना भिंत खरोखर डोळ्यांसमोर फिरते. ते वाक्य काढून टाकलंय. कोदामाबाईंची मनातल्या मनात माफीही मागितली.

आता स्मरणरंजन. मला सांगा, आपल्यापैकी कितीजणांच्या घरी लहानपणी ड्रॅगन क्वेस्ट होता? आपल्याकडे होता फॅमिकॉमचा कुठलातरी नकली भाऊ. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘9999 इन 1’ आणि आत मोजून पंधरा गेम. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, बदकं. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. आरपीजी हा शब्द मी नोकरीला लागल्यावर ऐकला आणि पहिला ड्रॅगन क्वेस्ट खेळलो तो चौतिसाव्या वर्षी, ऑफिसच्या लॅपटॉपवर, एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ज्याला त्याची ओढ बालपणापासून असायला हवी त्याचा जन्म जपानात झालेला असावा लागेल. माझा मिरजेत झालाय. हे खेळ मी प्रौढपणी, गृहकर्जाचे हप्ते भरता भरता, इतर कुठल्याही गेमसारखे खेळलो आणि मला ते आवडले. चष्मा आहे, पण नंबरचा.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मी वहीत उतरवून ठेवलंय. ‘मी चौपट वेगाने, दर मिनिटाला सेव्ह स्टेट टाकत खेळलो, तरी सहा तासांत कंटाळलो.’ (सेव्ह स्टेट म्हणजे खेळ हवा तिथे गोठवून, बिघडलं तर तिथूनच पुन्हा सुरू करायची एम्युलेटरची सोय.) अहो, विलंबित ख्याल चौपट वेगाने लावून ‘यात काही घडतच नाही’ म्हणण्यासारखं झालं हे! तुम्ही जे कापलंत तेच तर त्या खेळात घडत असतं. कसं ते सांगतो.

पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’, 27 मे 1986. संपूर्ण खेळ 64 किलोबाइटचा. मावशीकडून रोज येणारं सुप्रभातचं फूल याहून जड असतं. तुम्ही राजाच्या दालनात उभे असता आणि दार बंद. खोलीत तीन पेट्या: एकीत मशाल, एकीत किल्ली, एकीत 120 मोहरा. पेटी उघडायची, किल्ली लावायची, जिना उतरायचा. खेळाचे कर्ते युजी होरी यांनी अख्खी नियमावली त्या एका खोलीत शिकवून टाकली आहे. किल्ली न घेता बाहेर पडताच येत नाही, म्हणजे शिकल्याशिवाय सुटका नाही. किल्ल्यातून बाहेर पाऊल टाकलं की समोर, पाण्याच्या पट्ट्यापलीकडे, खलनायकाचा वाडा दिसतो. पहिल्याच मिनिटाला! हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ, आणि तिथे पोचायला सगळा नकाशा पालथा घालायचा.

मग गावात जा. तांब्याची तलवार 180 मोहरा, म्हणजे विसरा. सोटा 60, बांबूची काठी 10, साधे कपडे 20, चामड्याचं चिलखत 70, औषधी पाला 24. समजा सोटा, कपडे आणि एक पाला घेतला: उरले 16, एवढ्यात पुढच्या मुक्कामाचं बघायचं. की चिलखत आणि काठी घेऊन मार खात खात मारायचं? महिनाअखेरीला किराणा भरताना जसं डोकं चालतं तसंच इथे चालतं. ही निवड तुम्ही केलीत की नाही मला माहीत नाही, कारण सेव्ह स्टेट टाकणाऱ्याला निवड करावी लागत नाही. तो दोन्ही करून बघतो.

आणि मग ते अचानक उगवणारे राक्षस. पडद्यावर अंतर फुकट असतं, बटण दाबून धरलं की माणूस चालतो. त्या अंतराला किंमत आणण्यासाठी हे राक्षस आहेत. मैदानात ते कमी भेटतात, टेकडीवर जास्त. पूल ओलांडला की पलीकडचे अंगावर येणारे वेगळेच, आणि दांडगे. त्यामुळे ‘गाव किती लांब?’ याचं उत्तर पावलांत मिळत नाही, अंगात उरलेल्या जिवात मिळतं. पुलावर उभं राहून मनात हिशेब चालतो: दोन लढाया झेपतील, तिसरी झेपणार नाही, पाला एकच आहे, परत फिरू की जाऊ? तुम्ही ज्याला रिकामी भर म्हणता तो हा हिशेब आहे.

माझाच एक किस्सा सांगतो. मी एम्युलेटरवरच खेळतो, ते नाकारत नाही; पण स्वतःला घातलेली अट अशी की सेव्ह फक्त राजासमोर, खेळात आहे तसं. एका रात्री दक्षिणेकडून दलदलीच्या भुयारातून परत निघालो होतो. लेव्हल नऊ, म्हणजे अंधारात उजेड पाडायचा मंत्र येतो, पण थेट किल्ल्यावर नेणारा मंत्र तेराव्या लेव्हलला मिळतो. जवळ 640 मोहरा, जीव 11, पाला एक. बायको आतून दोनदा ‘झोपणार आहेस का?’ विचारून गेली. प्रत्येक पावलाला अंगठा आखडत होता. भुयाराचं तोंड दिसलं, तीन पावलं राहिली, आणि पडदा लुकलुकला. मेलो. शुद्ध आली ती राजापुढे, आणि राजा धीर वगैरे देत नाही, ‘मरतोस म्हणजे काय!’ अशा थाटात झापतो. 640 चे 320 झाले. मात्र तोवर कमावलेला अनुभव जसाच्या तसा होता, एका गुणाने कमी नाही.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबा. त्या काळचे खेळ तीन जीव द्यायचे, ते संपले की पहिल्यापासून, नाहीतर नाणं टाका. चपळ बोटांची मुलं पुढे जायची, बाकीची मागे उभी राहून बघायची. मी मागे उभ्या राहणाऱ्यांतला. होरींच्या खेळात मरूनही तुम्ही काल होतात त्यापेक्षा थोडे बळकट होता. बोटं मंद असली तरी चिकाटीने खेळणारा कुठलाही पोरगा किंवा कुणाचीही आजी तो शेवटपर्यंत नेऊ शकते. ग्राइंडिंगला, म्हणजे त्याच त्या लढाया करत बळ वाढवत राहण्याला, तुम्ही शिक्षा म्हणता. मला ती मागच्या बाकावरच्यांसाठी ठेवलेली वाट वाटते.

काटकसरीबद्दल मूळ लेखात लिहायचं राहून गेलं होतं. जागा इतकी तुटपुंजी की जपानी काताकाना लिपीतली जेमतेम 20 अक्षरं खेळात घेतली, आणि राक्षसांची नावं त्यांतूनच बसवली. खिळे संपलेल्या छापखान्यात जुळाऱ्याने बातमीचे शब्दच बदलावेत, तसं. मूळ जपानी खेळात नायकाला पाठ किंवा कूस नाही, कारण ती चित्रं ठेवायला जागा नाही. तो कायम आपल्याकडे तोंड करून खेकड्यासारखा आडवा चालतो. सेव्ह करायला बॅटरीही नव्हती. राजा 20 अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगायचा, पाच-सात-पाच-तीन अशा तुकड्यांत, म्हणजे कवितेच्या चालीवर, आणि मुलं तो वहीत उतरवायची. जुन्या टीव्हीच्या अंधुक पडद्यावर ‘घ’ आणि ‘ध’ यांत काय फरक दिसणार? जपानी अक्षरांतही अशा जुळ्या बहिणी आहेत. एक अक्षर चुकलं की आठवड्याची कमाई पाण्यात. यात गोड मानण्यासारखं काहीही नाही, हे तुमच्याआधी मीच म्हणतो.

पुढच्याच भागात तर तो मंत्र 52 अक्षरांपर्यंत गेला, आणि इथे मी तुमच्या बाजूला येऊन बसतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट 2’, जानेवारी 1987. रोने या पठाराकडे जाणारी ती गुहा, जिथे जमीन न सांगता पायाखालून जाते. त्यातून वर आलात की बर्फाळ पठारावर असे राक्षस, की एका मंत्रात तुमचे सगळे गडी गार. शेवटचा खलनायक ऐन वेळी स्वतःला पूर्ण बरा करून घेतो. तिथे हिशेब कसला? तिथे नशीब. ‘ताणलंय’ हा तुमचा शब्द मी तिथे बिनशर्त मान्य करतो, आणि तिथे तुम्ही सेव्ह स्टेट टाकलेत तर मी दुसरीकडे बघेन.

‘क्रोनो ट्रिगर’चा दाखला मात्र उलटा पडतो. त्याच्या कर्त्यांत होरी स्वतः होते, ‘फायनल फँटसी’चे कर्ते साकागुची आणि चित्रकार तोरियामा यांच्या सोबतीला. राक्षस तिथे डोळ्यांसमोर उभे असतात आणि लढाई त्याच जागी होते, हे खरं. पण तो खेळ अंतराचा नाहीच, काळाचा आहे. आज लावलेलं रोप चारशे वर्षांनी जंगल होतं, आणि मोजायची किंमत तिथे असते ती कुठल्या काळात काय केलं याची. ती गोष्ट सांगायला पूल आणि पाला लागत नाहीत. होरींना जुनी पद्धत कमअस्सल वाटली असती तर ड्रॅगन क्वेस्टमध्येही ती तेव्हाच गेली असती. प्रत्यक्षात तिथे अदृश्य राक्षस पुढेही टिकले. 2009 च्या नवव्या भागात ते नकाशावर दिसायला लागले. ‘मदर 2’ या आणखी एका आरपीजीची युक्ती तर मला दोन्हींहून आवडते: तुम्ही पुरेसे बळकट झालात की किरकोळ शत्रू तुम्हाला बघून पळ काढतात, आणि गाठलेत तर लढाई न होताच जिंकता. त्याचे कर्ते इतोई यांनी ग्राइंडिंगचा कंटाळा ओळखला आणि त्याचा विनोद करून टाकला.

राहिली चुकीची गणितं. खरी आहेत. पहिल्या ‘फायनल फँटसी’त जादूगाराच्या नावापुढे बुद्धीचा आकडा छापलेला असतो, लेव्हलगणिक तो वाढतो, आपण खूश होतो, आणि जादूच्या जोरावर त्याचा परिणाम शून्य. तलवारीला धार देणारा मंत्र धार देत नाही. सहाव्या भागात, 1994 मध्ये, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही, वार चुकवण्याचा आकडा नुसता शोभेचा निघाला. कारागिरी म्हणजे निर्दोषपणा, असं माझ्या लेखातून ध्वनित झालं असेल तर तो माझा दोष. पण एक कबूल करा: त्या बुद्धीच्या आकड्यावर विसंबून मी काळ्या जादूगाराला किती जपलं! तो आकडा यंत्रात काही करत नव्हता, माझ्या डोक्यात करत होता. (हे समर्थन लंगडं आहे, मला माहीत आहे.)

तेव्हा विनंती एवढीच, की पहिला ड्रॅगन क्वेस्ट पुन्हा एकदा लावा. साध्या वेगाने, सेव्ह फक्त राजासमोर. शेवटपर्यंत नको, पहिला पूल ओलांडेपर्यंत. आणि 120 मोहरांचं काय घेतलंत ते इथे येऊन सांगा. मी पहिल्या खेपेला शहाणपणा करून काहीच घेतलं नव्हतं. 180 ची तलवार घ्यायची म्हणून सगळे राखून ठेवले आणि नुसत्या मुठींनी टेकडीवर गेलो. पहिल्याच भुताने लोळवलं. राजापुढे उठलो तेव्हा थैलीत 60 उरले होते, म्हणजे नेमके एका सोट्याचे.