मामांच्या खलबत्त्यातली गारगोटी

गेल्या आठवड्यात परतूरच्या मामांनी विहिरीच्या खोदकामात निघालेली वळ्यावळ्यांची गारगोटी खलबत्त्यात कुटली. मराठवाड्यावर ५,००० वर्षांपूर्वी समुद्र होता, त्यातले शंख १०० वर्षांत दगड झाले आणि त्यांची पूड दुधातून घेतल्यास मुतखडा विरघळतो, असा अमोनाइटच्या, म्हणजे वळणदार शंखाच्या नामशेष समुद्री जीवाच्या, छायाचित्रासह फिरणारा संदेश त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता.

आधी पुडीविषयी. युनानी वैद्यकात ‘हजरुल यहूद’ या नावाने अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचे अश्मीभूत काटे मुतखड्यावर दिले जातात, हे नाइलाजाने मान्य करतो. पण जुना वापर हा गुणाचा पुरावा नव्हे, आणि मामांचा दगड तर जीवाश्मही नव्हता. लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, त्यांत झिरपत्या पाण्यातील सिलिका (वाळूत असते तेच द्रव्य) थरावर थर साचते आणि अकीक तयार होतो; मामांनी पाहिलेली वळी ही त्या थरांची होती. दुधात न विरघळणारी ही पूड मूत्रपिंडातला खडा काय विरघळवणार? धोका आहे तो कुटताना उडणाऱ्या धुळीचा, कारण गुजरातेतल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. एका दिवसात तो होत नाही, हे खरे. पण नातवंडे भोवती बसलेली असताना हा उद्योग कशासाठी?

आता समुद्र. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशात देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटसारखा भाग वगळता मराठवाडा बहुतांश बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा दिसतो. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा असून अमोनाइटही त्याच सुमारास नामशेष झाले. ५,००० वर्षे आली कुठून? या लाव्हाच्या आधी नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघ परिसरापर्यंत समुद्र शिरला होता, एवढे अर्धसत्य संदेशाच्या पदरात घालता येईल. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, परंतु त्या मुख्यतः गोड्या पाण्यातल्या.

शंभर वर्षांचा हिशेबही तसाच. शिंपला गाळाखाली लवकर गाडला गेला आणि झिरपत्या पाण्यातील खनिजांनी त्याची जागा घेतली किंवा गाळात त्याचा ठसा उरला, तर जीवाश्म होतो; नुसत्या जुनेपणाने होत नाही.

मामांनी पूड उकिरड्यावर टाकली आहे आणि सोनोग्राफीला जायचे कबूल केले आहे; संदेश मात्र त्यांनी भावकीच्या ग्रुपवरून अजून काढलेला नाही.