२०४८ ला नेमकं काय संपतं?

नमस्कार. ‘नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, आता माळावर माळढोक शोधावा लागतो. अंटार्क्टिकाचा करारही तसाच कागदी. २०४८ ला संपला की खाणवाले तयारच,’ असं तुम्ही लिहिलंय. नान्नजबद्दल वाद नाही, २०४८ बद्दल आहे.

१९५९ च्या मूळ अंटार्क्टिक कराराला मुदतच नाही. खनिजबंदी आहे त्याला जोडलेल्या १९९१ च्या पर्यावरणविषयक माद्रिद प्रोटोकॉलच्या सातव्या कलमात. सूट फक्त वैज्ञानिक संशोधनाला. प्रोटोकॉल १४ जानेवारी १९९८ ला लागू झाला, त्यात ५० मिळवले की २०४८. पण तेव्हापासून होणार एवढंच, की कोणताही एक सल्लागार देश (म्हणजे करारात निर्णयाचा हक्क असलेला) फेरविचार परिषद बोलवा म्हणू शकेल. पुढचं कलम २५ मध्ये बघा. बदल मंजूर करायला सदस्य देशांचं बहुमत, आणि त्यात १९९१ च्या २६ सल्लागार देशांपैकी किमान २० हवेत. तो लागू व्हायला तर त्या २६ च्या २६ देशांची संमती लागते. भारत त्यात आहे. शिवाय खाणकामासाठी बंधनकारक नियमावली अमलात आल्याशिवाय बंदी उठत नाही.

पळवाट आहे, ती लपवत नाही. मंजूर झालेला बदल ३ वर्षांत लागू झाला नाही, तर एखादा देश बाहेर पडायची नोटीस देऊ शकतो; २ वर्षांनी तो मोकळा. अमेरिकेच्या आग्रहानं ठेवलेलं दार आहे हे.

आणि ‘कागदी’ म्हणाल तर पॅकिंगमधले थर्मोकोलचे दाणेसुद्धा तिथं नेता येत नाहीत, वापरलेल्या बॅटऱ्या परत आणाव्या लागतात. स्लेज ओढणारी कुत्री १ एप्रिल १९९४ पर्यंत हलवायची होती, ती हलवली. त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती.

तुमचा संशय खरा ठरतो तो दुसऱ्याच जागी. तिथं पोलीस नाहीत. शिक्षा ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्यानं. आपण १९८३ पासून सल्लागार देश, पण आपला कायदा आला २०२२ मध्ये! आता विनापरवाना खनिजासाठी ड्रिलिंग केलं तर ७ वर्षांपर्यंत कैद आणि १० ते ५० लाख दंड. अपघातानं तेल सांडलं, तर सफाईचा खर्च कुणाच्या माथी मारायचा, हे सांगणारं प्रोटोकॉलचं सहावं परिशिष्ट २००५ ला स्टॉकहोममध्ये मंजूर झालं. ते अजून लागूच नाही, कारण तेव्हाच्या सगळ्या सल्लागार देशांची संमती लागते आणि ती पुरी झालेली नाही. नान्नजचा दाखला द्यायचाच तर इथं द्या.