‘खरा आजारी टेस्टवाचून राहत नाही’ म्हणे!

कोविड ओसरला, पण त्या काळातला एक फॉरवर्ड काही मरत नाही. कुठे नव्या विषाणूची बातमी आली की तो पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा असतो: ‘टेस्टवरून उगाच ओरड चालते. खरा आजारी असेल त्याला टेस्ट मिळतेच. ऐपत असलेल्यानं पैसे भरून करून घेतली तर दुसऱ्याचं काय जातं? लक्षणं नसलेल्यांच्या टेस्ट म्हणजे उधळपट्टी. टेस्ट वाढवल्या की आकडे फुगतात, बाकी काही होत नाही. आणि गरिबांचं म्हणाल तर फुकट ठेवली तरी ते येत नाहीत.’

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. ते कोणतं, ते ओघात येईलच. एकेक घेऊ.

‘खरा आजारी असेल त्याला टेस्ट मिळतेच.’

स्वॅबच्या आधी फॉर्म असतो, आणि कोण ‘खरा आजारी’ ते फॉर्म ठरवतो. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेत त्या फॉर्मचा सगळा भर दोन प्रश्नांवर होता: चीनला जाऊन आलात का, आणि लागण झालेल्या कुणाच्या संपर्कात आलात का? त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सोलानो काउंटीतली एक महिला व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी टेस्ट मागितली. पण बाईंनी प्रवास केलेला नव्हता, माहीत असलेला संपर्क नव्हता, म्हणजे त्या निकषात बसत नव्हत्या. स्वॅब घ्यायलाच काही दिवस गेले. 26 फेब्रुवारीला रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचं जाहीर झालं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाहून आणखी ‘खरा आजारी’ कोण असतो?

यातली खरी गंमत (गंमत कसली!) अशी, की असा निकष स्वतःच स्वतःला खरं ठरवत राहतो. टेस्ट फक्त प्रवाशांची, म्हणून पॉझिटिव्ह फक्त प्रवासी, म्हणून इथे प्रसार नाही, म्हणून टेस्ट फक्त प्रवाशांची. साथ तोवर निवांत पसरत असते.

निकष लावणारे दुष्ट होते असं मला म्हणायचं नाही. सरकारी प्रयोगशाळांना सुरुवातीला पाठवलेल्या किटमध्येच दोष निघाला होता, आणि बहुतेकांना ती कित्येक दिवस वापरता आली नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टंचाईत निकष लागतोच. पण मग ‘टंचाई आहे, म्हणून अमक्यांना नाही म्हणतोय’ असं उघड सांगावं. ‘ज्याला गरज आहे त्याला मिळतेय’ असं सांगितलं की नाकारलेला माणूस स्वतःला बरा समजून घरी जातो, आणि घरच्यांच्यात मिसळतो.

‘पैसे भरून करून घेतली तर दुसऱ्याचं काय जातं?’

यासाठी प्रयोगशाळेतली प्लेट बघावी लागते. तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात 96 खळगे. त्यातले निदान दोन कंट्रोलसाठी, म्हणजे टेस्ट नीट चालतेय ना हे बघण्यासाठी, जातात: एक पॉझिटिव्ह यायलाच हवा, दुसरा निगेटिव्ह. म्हणजे फार तर 94 माणसं. नमुन्यातून आरएनए (विषाणूचा जनुकीय भाग) वेगळा काढायचा, रिएजंट (तपासणीचं रसायन) घालायचं, प्लेट मशीनमध्ये ठेवायची. यात काही तास जातात, मग पुढची प्लेट. मशीन किती, रिएजंट किती, पाळीला तंत्रज्ञ किती, यावर दिवसाच्या प्लेट ठरतात. सहलीला निघालेल्या धडधाकट माणसानं पैसे भरले म्हणून सत्त्याण्णवावा खळगा उगवत नाही. त्याचा नमुना पुढे गेला की कुणाचा तरी मागे सरकतो, आणि तो कुणाचा हे कुणालाच दिसत नाही. म्हणून ‘कुणाचं काय जातं’ हा प्रश्न इतका निरागस वाटतो.

11 मार्च 2020 ला ओक्लाहोमा सिटीत युटा जॅझ या बास्केटबॉल संघाचा सामना सुरू व्हायच्या बेतात होता. एक खेळाडू पॉझिटिव्ह असल्याचं कळलं, सामना थांबला, आणि त्या रात्री संघाच्या ताफ्यातल्या 58 जणांच्या टेस्ट झाल्या. देशभरातले डॉक्टर तेव्हा एकेका रुग्णाची टेस्ट मंजूर व्हावी म्हणून फोनवर ताटकळत होते. बड्यांना आधी टेस्ट मिळते का, असं आठवडाभरात पत्रकारांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना विचारलं. तसं होऊ नये असं ते म्हणाले, पण जगाची रीतच कदाचित ती असावी, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

माझं मत इथे अनेकांना पटत नाही: त्या संघाची टेस्ट करणं चूक नव्हतं. शहरोशहरी फिरणारी, अंगाला अंग लावून खेळणारी माणसं, आणि त्यातला एक पॉझिटिव्ह. टेस्ट हवीच. चूक ही, की पॉझिटिव्ह रुग्णाला रात्रभर सांभाळणाऱ्या नर्सचा संपर्क त्याहून जवळचा असतो, आणि तिच्यासाठी त्या रात्री कुणी 58 स्वॅब घेऊन धावत नव्हतं.

रांग लांबली की आणखी एक होतं. 2020 च्या जुलैच्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या खासगी लॅबचे रिपोर्ट यायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागत होता. कोविडचा माणूस सर्वांत जास्त संसर्ग देतो तो लक्षणं दिसायच्या एकदोन दिवस आधीपासून पुढच्या काही दिवसांत. आठव्या दिवशी आलेला रिपोर्ट म्हणजे वरातीमागून घोडं. तो ज्यानं पैसे मोजले त्याच्याही उपयोगाचा नाही.

पैशानं नवं मशीन आलं, नवे तंत्रज्ञ आले, तर गोष्ट वेगळी. मग भरा की खुशाल. मेसेज मात्र आहे त्याच रांगेत पुढे घुसण्याबद्दल बोलतोय.

‘लक्षणं नसलेल्यांच्या टेस्ट म्हणजे उधळपट्टी.’

अर्धं खरं वाक्य ते हे. आधी खरी बाजू. समजा टेस्ट लागण झालेल्या 100 पैकी 80 जणांना पकडते, आणि लागण नसलेल्या 1000 पैकी 5 जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. आता 10,000 धडधाकट लोकांना सरसकट तपासलं, आणि त्यांच्यात लागण झालेले आहेत फक्त 10. सापडतील 8, आणि उगाच पॉझिटिव्ह ठरतील सुमारे 50. म्हणजे घरी बसवलेल्या दर सात माणसांत सहा निरोगी. तीच टेस्ट खोकणाऱ्या 10,000 जणांवर केली आणि त्यांच्यात 2,000 बाधित असले, तर 1,600 सापडतात आणि चुकीचे फक्त 40. त्यामुळे ‘सगळ्यांची करा, सरसकट करा’ ही घोषणाही मला मान्य नाही.

खोटी बाजू अशी. फेब्रुवारी 2020 मध्ये इटलीतला पहिला कोविड मृत्यू झाला तो व्हो या गावातल्या रहिवाशाचा. गाव बंद केलं आणि तीनेक हजारांतल्या बहुतेकांचे, 2,812 जणांचे, स्वॅब घेतले. मग काही दिवसांनी पुन्हा. दोन्ही फेऱ्या मिळून जे पॉझिटिव्ह निघाले त्यांतल्या 40 टक्क्यांहून अधिक लोकांना काहीही लक्षणं नव्हती. फक्त खोकणाऱ्यांना तपासलं असतं तर एवढे सगळे मोकळे फिरले असते.

इंग्लंडनं 12 मार्च 2020 ला वस्त्यांमधल्या टेस्ट थांबवून त्या मुख्यतः इस्पितळात दाखल रुग्णांपुरत्या ठेवल्या. क्षमता कमी होती, तेव्हा वरवर शहाणपणाचं. पण त्याच आठवड्यांत खाटा मोकळ्या करायला वृद्ध रुग्णांना टेस्टशिवाय वृद्धाश्रमांत पाठवलं जात होतं. पाठवण्याआधी प्रत्येकाची टेस्ट, हा नियम यायला एप्रिलचा मध्य उजाडला. तोवर त्या वृद्धाश्रमांत साथ पसरून किती माणसं गेली ते जगानं पाहिलं. लक्षणं नसलेल्यांकडून होणाऱ्या संसर्गाचा धोका ध्यानात घेतला नाही म्हणून ते धोरण बेकायदा होतं, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये दिला.

तेव्हा लक्षणं आहेत की नाहीत हा प्रश्नच अपुरा पडतो. मी दुसरा विचारेन: रिपोर्ट आल्यावर कोण काय वेगळं करणार आहे? वृद्धाश्रमात आंघोळ घालणारी मदतनीस पॉझिटिव्ह आली तर उद्या ती कामावर जाणार नाही, आणि वीस म्हातारी माणसं वाचतील. तिला खोकला असो वा नसो. उलट एकटा राहणारा, सौम्य ताप असलेला तरुण रिपोर्ट काहीही आला तरी घरीच बसणार असेल, तर टंचाईत तो थांबू शकतो. रांग या हिशोबानं लावली की सेलिब्रिटी आपोआप मागे जातात, त्यांना कुणी हाकलावं लागत नाही.

आणि उधळपट्टीचीच काळजी असेल तर उपाय जुना आहे. अमेरिकन सैन्यभरतीतल्या सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीसाठी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट डॉर्फमन यांनी 1943 मध्येच तो मांडला होता: समजा पाच जणांचे नमुने एकत्र करून एक टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तरच पाचांना वेगवेगळं तपासा. 1000 लोकांत लागण एक टक्का असेल तर सुमारे 250 टेस्टमध्ये काम होतं. लागण 20 टक्क्यांवर गेली की मात्र 870 च्या आसपास लागतात, मग फारसा फायदा नाही.

‘टेस्ट वाढवल्या की आकडे फुगतात.’

वजनकाटा काढून टाकला म्हणून कुणी बारीक होत नाही. नुसता आकडा बघूच नका, शंभर टेस्टमागे पॉझिटिव्ह किती ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2020 मध्ये निर्बंध सैल करण्यासाठी जे निकष दिले त्यांतला एक हाच होता: पुरेशी तपासणी चालू असताना हे प्रमाण दोन आठवडे पाच टक्क्यांखाली असावं. टेस्ट वाढूनही ते चढत असेल तर साथ खरंच वाढतेय.

‘फुकट ठेवली तरी गरीब येत नाहीत.’

येत नाहीत, हे अनेकदा दिसतं. पण का? टेस्ट फुकट असली तरी पॉझिटिव्ह येणं फुकट नसतं. रोजंदारीवरच्या माणसासाठी तेव्हा पॉझिटिव्ह म्हणजे दहा-चौदा दिवसांची मजुरी बुडाली, कदाचित कामही गेलं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? इंग्लंडनं 28 सप्टेंबर 2020 पासून कमी उत्पन्नाच्या, घरून काम न करता येणाऱ्या लोकांना विलगीकरणासाठी 500 पौंड द्यायला सुरुवात केली ती याच कारणानं. साथ येऊन तोवर सहा महिने उलटले होते.

शिवाय केंद्र कुठे असतं ते बघा. गाडीत बसल्या बसल्या स्वॅब देण्याची सोय दक्षिण कोरियानं फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू केली. कल्पना उत्तम, कर्मचारीही सुरक्षित राहतात. जगभर तिची नक्कल झाली, आणि जिथे दुसरं केंद्रच नव्हतं तिथे ज्याच्याकडे गाडी नाही तो आपोआप बाद झाला. वेळ मोबाइलवर घ्यायची, केंद्र सकाळी दहाला उघडून पाचला बंद, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा हवा. साफसफाई करणारी, पाळीत काम करणारी, दुसऱ्याच्या नावावरच्या खोलीत राहणारी माणसं यातल्या प्रत्येक अटीला थोडी थोडी गळतात. संध्याकाळी सात ते दहा, पत्ता न विचारता, चालत पोचता येईल अशा जागी एक केंद्र चालवून बघा, आणि मग कोण येत नाही ते मोजा.