‘प्रमाणपत्र काढा, पदक घ्या’: पॅरा-सायकलिंगवरच्या मेसेजला उत्तर

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, सायकल घ्या, दोन वर्षांत पॅरा-सायकलिंगचं (अपंगांच्या सायकल शर्यतींचं) पदक नक्की, अशा अर्थाचा मेसेज सध्या फिरतो आहे. पाय गमावलेल्या मुलांच्या आईवडिलांना लोक तो आवर्जून पाठवताहेत. त्यातला चौथा मुद्दा खरा मानला तर एखाद्या मुलाच्या कापलेल्या पायाचा उरलेला भागही (त्यालाच स्टंप म्हणतात) धोक्यात येईल, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘स्टंपला जखम झाली तरी सराव थांबवू नका, घट्टे पडून कातडी टणक होते.’ हे धडधडीत खोटं आहे. घट्टे पेलते ती तळपायाची जाड कातडी, पोटरीची नव्हे. त्यात शस्त्रक्रियेचा व्रण असतो, तो कधी हाडालाच चिकटलेला. वर सिलिकॉनचा लायनर (कृत्रिम पायाआधी स्टंपवर चढवायचं आवरण), म्हणजे घामाला वाट नाही. मिनिटाला पेडलच्या 90 फेऱ्या धरा: तासाला 5,400 वेळा तीच जागा दाबली आणि घासली जाते. जखम चिघळली तर आठवडेच्या आठवडे कृत्रिम पाय घालता येत नाही. संसर्ग हाडापर्यंत गेला तर पुन्हा शस्त्रक्रिया.

करायचं ते असं. सराव संपला की लायनर काढून स्टंप सौम्य साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा, मागची बाजू आरशात पाहा. 10-15 मिनिटांत न गेलेली लाली म्हणजे तिथे सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो भाग) टोचतंय. कातडी फाटली असेल तर ती भरेपर्यंत कृत्रिम पाय नाही. स्टंप दिवसभरात आक्रसतो आणि सॉकेटमध्ये खोल जातो. मग टोकावर भार येतो, पाय आखूड पडतो, कंबर सीटवर डुलते आणि पाठ धरते. अशा वेळी सीट खाली-वर करू नका, आधी स्टंपवर एक मोजा वाढवा. पेडल वर येताना सॉकेटची मागची कड गुडघ्यामागे रुतत असेल तर ती कड उतरवून घ्यावी लागते, किंवा त्या बाजूला आखूड क्रँक (पेडलचा दांडा) लावायची, 172.5 मिलिमीटरऐवजी 165. मग पेडल खालीही तेवढंच कमी जातं, म्हणून कृत्रिम पायाची लांबी पुन्हा तपासायची.

‘कार्बनचा पाय थकत नाही, उलट फायदाच.’ धावण्याच्या ब्लेडशी, म्हणजे धावपटूंच्या स्प्रिंगसारख्या कृत्रिम पायाशी, गल्लत झाली आहे. पेडलवर आदळणं नाही, म्हणून स्प्रिंगसारखं परत मिळणारं बळही नाही. घोटा आणि पोटरी नाहीतच; ते काम मांडी आणि नितंबाला करावं लागतं.

‘हे धडधाकट खेळाडूंपुढे टिकणार नाहीत.’ सारा स्टोरी हे एक नाव पुरे. डाव्या हाताचा पंजा नसलेली ही खेळाडू 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडकडून धडधाकट खेळाडूंसोबत उतरली. 2015 मध्ये लंडनला तिने तासाभरात 45.502 किलोमीटर कापले. महिलांचा तेव्हाचा विक्रम 46.065 होता. सगळेच सारा स्टोरी नसतात, पण ‘टिकणार नाहीत’ हे कशाच्या जोरावर?

‘(अपंगत्वानुसार पाडलेले) गट इतके की पदक ठरलेलंच.’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. सर्वांत गंभीर अपंगत्वाच्या गटांत कधीकधी मोजकेच स्पर्धक असतात. पण पॅरालिम्पिकमध्ये अनेक शर्यतींत गट एकत्र केले जातात. ट्रॅकवरच्या अशा वेळेच्या शर्यतीत वेळेला गटानुसार गुणक लावतात, म्हणजे अपंगत्व जास्त असलेल्याची वेळ कमी धरतात. रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतीत तोही नाही. सी1 चा (अपंगत्व सर्वांत गंभीर) खेळाडू सी3 वाल्यांबरोबर (त्याहून सौम्य) सुटतो आणि आधी रेषा ओलांडेल तो जिंकतो.

‘टँडेमवर मागचा नुसता बसतो.’ टँडेम म्हणजे दोघांची सायकल: पुढे डोळस चालक, मागे दृष्टिहीन खेळाडू. दोघांच्या क्रँक एका साखळीने जोडलेल्या असतात. पुढच्याने पाय मारले की मागच्याला थांबता येत नाही, आणि मागच्याने जोर लावला नाही तर तो सायकलवरचं ओझंच.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर सरकारी टक्केवारी इथे चालत नाही. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ ताकद, सांध्यांची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा स्वतः तपासतात, नंतर प्रत्यक्ष शर्यतीतही पाहतात. 80 टक्क्यांचा कागद असूनही खेळाडू अपात्र ठरू शकतो, आणि तपासणीत मुद्दाम कमी जोर लावल्याचं उघड झालं तर बंदी येते.