हे प्रश्न शेवटच्या तासिकेसाठी ठेवू नका

‘आधी मुलांचं तंत्र पक्कं होऊ द्या, नीतीचे आणि समाजाचे प्रश्न शेवटच्या तासिकेला घ्या’ हे जनुकबदल कसा शिकवावा यावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शेवटची तासिका म्हणजे पोर्शन संपवायची घाई. तिथे कुणी तोंड उघडत नाही.

गेल्या वर्षी जनुकबदल शिकवत होते. मंगळवेढ्याकडची एक मुलगी दुसऱ्या दिवशी रुमालाच्या गाठीत घरची मालदांडी ज्वारी घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, आजोबा कणसं निवडून हेच बी दरसाल ठेवतात. बीटी कपाशीचं का ठेवत नाहीत?" त्या मूठभर ज्वारीवर आमचे तीन तास गेले. मालदांडी सरळ वाण, म्हणजे राखलेलं बी पेरलं तरी पीक तसंच येतं. २००२ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळालेली बीटी कपाशी (बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली) संकरित, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेली, तिचे गुण पुढच्या पिढीत विस्कटतात. म्हणजे मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम आलेच की! मग दरवर्षी पाकीट विकत घ्यायचं, तर बियाण्यावर हक्क कुणाचा? २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा आणि अदलाबदल करायचा हक्क दिलाय, हे वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं, निम्मी पोरं शेतकऱ्यांची असून. २०१० मध्ये सरकारने बीटी वांगं का थांबवलं, यावर तर तास सुटल्यावरही व्हरांड्यात वाद चालू होता. संकराच्या प्रश्नाला त्या मुलीने सहामाहीत ज्वारीचंच उदाहरण लिहिलं, आणि अगदी बरोबर लिहिलं.